बाईंनी सांगितलेला उपदेश

गुरुवारी सकाळी थोरलीने इंजेक्शन घ्यायला नकार दिला, तेव्हा बाईंना वाटलं, हिचं नेहमीचंच नाटक असेल.

थोरली म्हणजे बाईंची मोठी जाऊ. दोघींचे नवरे देवाघरी गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत होत्या. थोरलीला दिसायचं कमी, म्हणून इन्सुलिन टोचायचं काम बाईंकडे, सकाळ-संध्याकाळ, गेली अकरा वर्षं. संध्याकाळी बायबलातलं वचन वाचून दाखवायचं कामही त्यांचंच.

"आजपासून बंद," थोरली म्हणाली. "पाहुण्यांनी सांगितलंय. औषध चालू आहे तोवर विश्वास कच्चा. मी बरी झालेय, धाकटे. फक्त शरीराला अजून कळायचंय."

"कधी सांगितलं त्यांनी हे?"

"काल प्रार्थनेला. आम्ही चार-पाच म्हाताऱ्याच होतो. तुझा घसा बसला म्हणून तू आली नाहीस ना? मग वखारवाल्यांच्या नव्या सुनेने भाषांतर केलं. हुशार आहे हो पोरगी, शब्दन् शब्द सांगितला."

बाईंनी हातातली सुई खाली ठेवली. शब्दन् शब्द सांगितला, तिथेच तर सगळा घोळ होता.

आता हा घोळ बाईंनीच घातलेला, तेव्हा तो आधी सांगून टाकलेला बरा. पाहुणे हे परदेशातून आलेले उपदेशक. ही सून येईपर्यंत त्यांची भाषा चर्चच्या मंडळीत एकट्या बाईंना यायची, कारण छत्तीस वर्षं शाळेत त्यांनी तीच शिकवली होती. पाहुणे एक वाक्य बोलून थांबायचे, बाई ते आपल्या भाषेत सांगायच्या, मग पुढचं वाक्य. पहिल्याच रविवारी पाहुणे म्हणाले, "आजारपण हा अविश्वासाचा पुरावा आहे. ज्यांची लेकरं गेली, त्यांनी स्वतःच्या मनातली खोट शोधावी."

समोरच्या बाकावर शिंपीण बसली होती. तिचा मुलगा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. बाईंची जीभच उचलेना. दीडशे माणसं तोंडाकडे बघत होती. आणि बाई बोलून गेल्या, "आजारपणात देव आपल्याला टाकून जात नाही. ज्यांची लेकरं गेली, त्यांच्या शेजारी तो बसलेला असतो." शिंपीण ढसाढसा रडली. पाहुण्यांना वाटलं, घाव बरोबर बसला!

झालं, सवय लागली. पाहुणे म्हणायचे, "हक्काने मागा, मिळालंच पाहिजे." बाई सांगायच्या, "मागा, आणि देईल ते गोड मानून घ्या." एक उपदेश कानाने ऐकायचा आणि तोंडाने दुसराच करायचा, तोही उभ्याने, गुडघे ठणकत असताना. रविवारी दुपारी बाई अंथरुणावर पडायच्या त्या चारपर्यंत कूस बदलायच्या नाहीत. भांडायला अंगात जीवच नव्हता हो! पाहुण्यांशी वाद घाला, मंडळीत दोन तट पाडा, त्यापेक्षा गाळून वाढलेलं काय वाईट, असं त्यांना वाटायचं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे इतरांच्या पोरांना शिकवलेल्या बाई स्वतः मात्र दोन वर्षं झाकत बसल्या.

आणि मंडळी पाहुण्यांवर अशी खूश, की येत्या रविवारी त्यांना कायमचे पाळक नेमायचा ठराव यायचा होता.

"ताई, ते चुकीचं शिकवतात," बाई म्हणाल्या. "शास्त्रात असं कुठेही नाही."

थोरली हसली. "अगं, दोन वर्षं तूच त्यांच्या शेजारी उभी असतेस. कधी वावगं बोलले का? इतका मायाळू माणूस मी जन्मात पाहिला नाही."

शुक्रवारी बाईंनी डॉक्टरांना घरी आणलं. थोरलीने त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. शनिवारी साखर चारशेच्या वर गेली. थोरली पेल्यामागून पेला पाणी पीत होती, जीभ कोरडी पडली होती, तरी ही आपली परीक्षा आहे म्हणत होती. बाईंनी शेवटी सांगून टाकलं, "ताई, तुम्हाला आवडायचं ते बोलणं त्यांचं नव्हतंच. ते माझ्या पदरचं होतं."

"मी सुई घ्यावी म्हणून तू काय वाटेल ते बोलशील," थोरली म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

बाई वखारवाल्यांकडे गेल्या. ते मंडळीचे सेक्रेटरी. फळ्या मोजता मोजता त्यांनी निम्मं ऐकलं आणि म्हणाले, "बाई, उद्याचा ठराव होऊन जाऊ दे, मग निवांत बोलू." निवांत! घरात माणूस सुकत चाललंय आणि यांना निवांत बोलायचंय.

रविवारी थोरली भिंतीचा आधार घेत घेत चर्चमध्ये आली आणि तिसऱ्या बाकावर बसली. पाहुणे उभे राहिले. बाई शेजारी उभ्या राहिल्या. एवढ्या थकल्या होत्या, की भीती वाटायलाही त्राण उरलं नव्हतं.

पाहुण्यांनी पहिलं वाक्य टाकलं. बाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं: "औषधाची बाटली उघडणारा हात देवाला नाकारतो."

माणसं चुळबुळली. पाहुणे नेहमीप्रमाणे पुढच्या वाक्याकडे वळले, गेलेल्या लेकरांच्या.  बाई समोरच्या बाकाकडे बघून म्हणाल्या, "शिंपीणबाई, हे मी म्हणत नाही, पाहुणे म्हणतायत. ज्या आईचं लेकरू गेलं, तिच्या विश्वासात खोट होती."

कोणीतरी "अरे देवा!" म्हणालं.

"हे पहिल्या दिवसापासून असंच बोलतात," बाई म्हणाल्या. "ही शिकवण खोटी आहे. मी ती तुमच्यापासून लपवली, आणि जे सांगितलं ते माझं होतं. माझी जाऊ चार दिवस इन्सुलिनशिवाय आहे. आता बास झालं."

वखारवाले ताडकन उठले. "बाईंना बरं नाहीये. सूनबाई, तू ये वर." सून आली. पाहुण्यांनी लाल होऊन तिला तीच दोन वाक्यं पुन्हा ऐकवली, चांगली ठणकावून. पोरगी खाली मान घालून सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, बाई बरोबर सांगतायत."

मग जो गलका झाला, तो पाहुण्यांवर कमी आणि बाईंवर जास्त. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण इथला संन्यासीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. गलक्यात शिंपीण उठून पुढे आली.

"देव माझ्या शेजारी बसलाय म्हणाला होतात. ते कोणी सांगितलं होतं?"

"मीच," बाई म्हणाल्या. "पण ते खरं आहे."

शिंपिणीने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. ठराव बारगळला. बाईंना मात्र पुन्हा व्यासपीठावर चढू नका म्हणून तिथल्या तिथे बजावण्यात आलं.

 घरी येताना थोरलीने बाईंचा हात धरला नाही. कुंपणं चाचपत आली. घरात आल्यावर पलंगाच्या कडेला बसली.

"दोन वर्षं मी ज्याला आमेन म्हटलं, ते सगळं तुझं होतं?"

"हो, ताई."

थोरलीने पोटावरचा कपडा बाजूला केला. "टोच," ती म्हणाली. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी घाईघाईने औषध भरलं, टोचलं, वर कापूस दाबून धरला.

"आता तुम्हाला बरं वाटेल, ताई. जरा पडा. मी संध्याकाळचं वचन आत्ताच वाचून दाखवते."

"नको," थोरली म्हणाली. "दुसरं कोणी वाचणारं मिळतं का बघ. तू पानावरचं वाचतेस की मनातलं, ते मला दिसत नाही."