बिशायच्या झांजा

आमच्या मल्लवी गावच्या चर्चमध्ये झांजा वाजवाव्यात त्या बिशायनंच, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. नवव्या वर्षी वेदीसेवकाचा पांढरा झगा अंगावर चढला, तेव्हापासून तेहतीस वर्षं त्या त्याच्याच हातात. स्तुतिगीतातली ओळ येत नसली की तो झांजा जोरात वाजवायचा, आणि न येणाऱ्या ओळी पुष्कळ होत्या. इतक्या वर्षांत त्यातली एकही कमी झाली नव्हती.

पण ईस्टरआधीच्या दुःखसप्ताहात झांजा कपाटात जातात. त्या आठवड्यात बिशाय मागच्या रांगेत उभा राहून नुसते ओठ हलवायचा.

यंदा ईस्टरआधीचा कित्येक आठवड्यांचा मोठा उपास लागला तसं त्याला कुठेच चैन पडेना. आपल्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात पंपाच्या मोटारीला तार गुंडाळताना वेढे चुकायचे, पुन्हा उसवावे लागायचे. धन्याचं नाणं न वापरता जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा बायबलातला दाखला आठवला की छातीत खुपायचं. बेचाळिशीचा घोडा, आणि देवापुढे अजून नऊ वर्षांचाच. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

एका दुपारी बायको इरीनी उपासाच्या उसळीचं ताट पुढे ठेवत म्हणाली, "मीनाचे बाबा, गावभरच्या बंद मोटारी चालू करता. घरातली तेवढी एक राहिलीय."

तो ताटावरून उठला तो थेट मुअल्लिम तादरुसांकडे गेला. हे आमचे आंधळे गायनगुरू. यंदा त्यांचा घसा पार बसला होता, आणि उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, लांबलचक स्तुती कोण म्हणणार याची सगळ्यांना काळजी होती.

"मुअल्लिम, ती स्तुती मला शिकवा."

"कोण, झांजावाला?" मुअल्लिम हसले. "तुझ्या ओठांना डोळस फसतात रे. मी कसा फसणार? चर्चमधला प्रत्येक आवाज ओळखतो मी. तुझा तेवढा ठाऊक नाही."

तरी शिकवलं. पाच आठवडे तीच एक स्तुती घोटून घेतली.

शुक्रवारी भरल्या चर्चमध्ये बिशायनं तोंड उघडलं. सुरांचे पहिले तीन वळसे नीट गेले. चौथ्यावर आवाज फाटला आणि पुढचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. त्याचे दोन्ही हात आपोआप एकमेकांकडे गेले. हातात झांजा नव्हत्या. पळून जावं, असं त्याला मनापासून वाटलं.

"प्रभू, माझ्याकडे एवढंच आहे," तो पुटपुटला आणि ती ओळ पहिल्यापासून पुन्हा धरली. फाटक्या आवाजानंच, आठवेल तसा, शेवटाला पोचला.

नंतर अंगणात सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे, क्रुसावरच्या प्रभूला दिलेल्या आंबीची आठवण म्हणून, व्हिनेगरचा घोट घेतला. मुअल्लिम काठी टेकत आले.

"दोन ठिकाणी चुकलास."

"तीन, मुअल्लिम."

तिसरी मुअल्लिमांनी मुद्दामच गाळली होती.

"स्वतःची चूक ऐकू यायला लागली म्हणायची. मग मंगळवारी ये. आता शिकवायला सुरुवात करू."

ईस्टरला झांजा कपाटातून निघाल्या. बिशायनं त्या शेजारच्याच्या हाती दिल्या आणि रिकाम्या हातांनी गाणाऱ्यांच्या पुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला.