आधी टोला, मग आवाज

"जोरात वाजवली तर मुख्याध्यापक ओरडतात. हळू वाजवली तर आपल्या बाईंना..." माझ्यावरची धूळ झटकता झटकता शिपाईमामा कुरकुरले आणि मध्येच गप्प झाले. ते वाक्य शाळेत कोणीच पुरे करत नसे.

मित्रांनो, मी शाळेची जुनी घंटा. तांबे आणि कथील एकत्र वितळवून मला ओतले. पहिल्याच ठोक्याला ओतारीकाका म्हणाले होते, "पोरीचा गळा काय खणखणीत आहे!" पुढे कितीतरी वर्षे माझ्या एका टोल्यावर अख्खी शाळा धावे. मग भिंतीवर विजेची घंटा आली. माझ्या काठावर हिरवट डाग चढले. आता वर्षातून एकदाच, बाईंच्या आवाजाच्या धड्याला माझी आठवण होते. तेवढ्यासाठीच मला वऱ्हांड्यात टांगून ठेवले आहे.

त्या दिवशीही बाई मुलांना घेऊन मैदानापलीकडच्या टेकडीवर गेल्या. ठरलेले असे, की आवाज ऐकू आला की हात वर करायचा. मामांनी हातोडीला लाल फडके बांधले, ती उंच उगारली आणि टोला दिला. आवाज सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर धावतो. मला वाटते झाले पोहोचून, पण वाट लांबची असली की त्यालाही वेळ लागतो. टेकडीवरचे इवलेसे हात जरा थांबून वर गेले. बाईंचा मात्र टोल्याबरोबरच.

मामांनी पुन्हा टोला दिला. पुन्हा तेच.

परत आल्यावर एका चिमुरडीने बाईंचा पदर ओढला. "बाई, तुम्हाला आमच्याआधी कसं ऐकू आलं?"

"अगं, बाईंचे कान तिखट आहेत!" मामा घाईघाईने म्हणाले.

"मग मोठ्या माणसांकडे आवाज लवकर जातो?"

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. धडा उलटाच शिकला जात होता. मामांनी नजर माझ्याकडे वळवली. पण मी काय बोलणार? टोला बसल्याशिवाय मला कंठ फुटत नाही.

बाईंनी मुलीचे ओठ निरखले. तिला प्रश्न परत विचारायला लावला. मग त्या खाली बसल्या.

"नाही गं बाळा. आवाज सगळ्यांकडे सारख्याच वेगानं जातो. मी लाल फडकं खाली येताना पाहिलं आणि हात वर केला. मला ऐकू येत नाही."