कागदी चपला

"हात नको लावूस त्याला, ते मेलेल्यांचं सामान आहे!" अण्णासाहेब खो खो हसले.

रामेश्वरच्या हातात कागदाच्या चपला होत्या, लाल, सोनेरी काठाच्या. पुतणीच्या बाहुलीला होतील म्हणून त्याने उचलल्या होत्या. गल्फमधला माणूस बाजारात शिरला की त्याला गावची एकेक माणसं आठवायला लागतात. सत्त्याण्णवचा जून. बँकॉकच्या जुन्या चिनी वस्तीत अण्णासाहेब त्यांच्या दुबईच्या दुकानासाठी माल निवडत होते आणि वीस वर्षांपासूनचा त्यांचा स्टोअरकीपर रामेश्वर खोकी उचलत मागून चालत होता.

"चिनी लोक हे जाळतात. वर पोचतं म्हणे, डायरेक्ट डिलिव्हरी!"

"मग आईसाठीच घेतो," रामेश्वर म्हणाला. आईला जाऊन चार महिने झाले होते. गेल्याचा फोन आला तो थेट. आजारपण कळवलं नाही म्हणून त्याने सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं.

"तिला कशाला चपला? पाय सुजून चप्पल चढत नव्हती ना तिला," अण्णासाहेब बोलून गेले.

रामेश्वर थांबला. "ह्ये तुमाला कुणी सांगितलं? मलाच म्हायती नाय."

अण्णासाहेबांनी उगाच घड्याळ पाहिलं. "अरे, पत्र आलं होतं तुझ्या भावाचं. ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये. ईदचा सीझन, कंटेनर पोर्टवर पडलेला. तुला सोडलं असतं तर धंदा खलास! आणि तू जाऊन ती उठून बसली असती का?"

"पानी तरी पाजलं असतं."

ज्याला अन्नदाता मानलं त्यानेच केसाने गळा कापला होता, आणि शिव्या मात्र बिचाऱ्या भावाने खाल्ल्या होत्या. रामेश्वरला स्वतःचीच शिसारी आली.

दुकानातल्या म्हातारीने चपला पाकिटात घातल्या आणि पेन पुढे केलं. वर नाव घाल, नाहीतर दुसराच कुणी घेऊन जाईल, असं तिने खुणांनी समजावलं. त्याने आईचं नाव लिहिलं, ठकुबाई. खाली गाव, तालुका. आणि वीस वर्षं दर पत्रावर लिहीत आला तसा पाठवणाऱ्याचा पत्ताही हाताने आपसूक लिहिला: मार्फत अण्णासाहेब, पोस्ट बॉक्स, दुबई.

लक्षात आलं तसा तो खोडायला गेला. पण म्हातारीने पाकीट ओढून घेतलं आणि पत्र्याच्या डब्यातल्या जाळात टाकलंसुद्धा.

"यल्ला, चल लवकर, रामेश्वर! टॅक्सी थांबलीय!"

तो जागचा हलला नाही. आईला उलट काही कळवायचं झालं, तर तेही आता अण्णासाहेबांच्याच बॉक्समध्ये पडणार होतं.