भिंतीकडे तोंड केलेले फोटो

दिग्रसच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात खेमसिंग राठोडांचा बॉक्सिंग हॉल होता, आणि त्या हॉलात चक्क क्युबाचा झेंडा! तरुणपणी राष्ट्रीय शिबिरात सरांना तीन महिने एक क्युबन कोच लाभला. जाताना त्यानं तो झेंडा दिला, आणि तेव्हापासून या माणसाच्या डोक्यात क्युबा जो शिरला तो काही निघाला नाही. तिथला बॉक्सर देशाचा असतो म्हणे, पैशासाठी लढत नाही. पळाला तर गद्दार, त्याचं नावही कुणी घ्यायचं नाही. सरांनी तोच कायदा दिग्रसात चालवला. पोरींची रेकॉर्डबुकं, म्हणजे प्रत्येक लढतीची नोंद आणि डॉक्टरचा शिक्का असलेल्या वह्या, सरांच्या पेटीत कुलूपबंद. जी पोरगी हॉल सोडून जाईल, तिचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगायचा. असे चार फोटो टांगलेले होते.

पाचवा दीपाचा व्हायची वेळ आली होती.

"सर, मह्यं बुक द्या," ती म्हणाली. "उद्या पुण्यात प्रोफेशनल बॉक्सिंगच्या करारावर सही हाये. बुक नसलं त थे लोक मले रिंगमधी उभंच नायी करत."

"प्रोफेशनल! तमाशात नाचाले चालली काय वं?" सर कडाडले. "तिकीट काढून लोक तुले मार खाताना पाहतीन. क्युबाचे पोट्टे पहा, लाखो डॉलर लाथाडले त्याहीनं!"

दीपाचं डोकं भणभणलं. आठ वर्षांपूर्वी मारेगावहून मावशीकडे राहायला आली, तेव्हापासून ती या माणसाच्या शिव्या खात होती. ताप असला तरी दोरीच्या उड्या, बोट मोडलं तरी बॅगवर ठोसे. ते सगळं तिनं सोसलं, कारण तिला बॉक्सर व्हायचं होतं. आता ते दारात आलं, तर हा म्हातारा पेटीवर बसून राहिला होता! तिला त्याचा मनापासून राग आला.

"थे लाथाडणारे सांगता, अन् पळाले थे? त्याहीले आठ-आठ वर्षं घरी येऊ देत नोयते. मायचं तोंड पाहाले तरसले लोक. थे काहून नायी सांगत?"

"गद्दार होते थे!"

"मंग आता तुमचा क्युबाच गद्दार झाला, सर. बावीस साली त्याहीनं स्वतःच पोट्टे प्रोफेशनलमधी पाठवले. एसटीत बसून वाचलं मी मोबाइलवर. अन् अजून एक वाचलं."

बॅगवर ठोसे मारणाऱ्या पोरी थबकल्या. सरांची लाडकी वैष्णवी, यंदा राज्य स्पर्धेला जाणारी, तीही.

"बावीस सालापर्यंत तिथं बायांले बॉक्सिंगच बंद होतं. मी या हॉलात आली तवा क्युबात एका पोरीले रिंगमधी उतरू देत नोयते. अन् तुमी आमाले रोज त्याच झेंड्याले सलाम कराले लावला!"

"तरी बी मी तुले शिकवलं ना!" सरांच्या तोंडून निघून गेलं. "मह्या कोचनं मले बजावलं होतं, पोरी घेऊ नको. तरी मी घेतल्या. तुह्यासाठी मी त्याचा शब्द मोडला!"

"म्हणजे तुमाले ठाऊक होतं," दीपा म्हणाली.

सरांचा चेहरा पडला. पण हा गडी नमतो कुठला! त्यांनी पेटी उघडली, दीपाचं बुक काढलं आणि तिच्या पायाशी फेकलं.

"उचल, अन् चालती हो! पुन्हा तोंड दाखवू नको."

तिनं बुक उचललं, धूळ पुसली आणि पोटाशी धरलं. नमस्कार करावा असं एकदा वाटलं. तिनं केला नाही. सरांनी तरातरा भिंतीपाशी जाऊन राज्य स्पर्धेतल्या सुवर्णपदकासह काढलेला तिचा फोटो उलटा केला.

"आजपासून हिचं नाव कोणी घेणार नायी. समजलं? चला, मारा बॅग!"

कुणी हललं नाही. वैष्णवीनं दातांनी ग्लोव्हची पट्टी सोडवली, ग्लोव्ह काढून खाली ठेवले आणि भिंतीपाशी जाऊन दीपाचा फोटो सरळ केला. मग ती दुसऱ्या उलट्या फोटोकडे वळली. तोही सरळ केला.

"वैष्णवी! वेडी झाली काय वं?" सर ओरडले.

पाचही फोटो सरळ करून ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, पेटी उघडीच हाये," ती म्हणाली. "आमचे बी बुकं देऊन द्या."