इंजिनबाबांची पिशवी

पेट्रोल पंपामागच्या पटांगणात रविवारी सकाळीच गाड्यांची ही मोठी रांग लागली होती. सगळ्यांचं दुखणं एकच: डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा नारिंगी दिवा पेटलेला, काही केल्या विझेना. आणि रांगेच्या तोंडाशी लांब कोट घालून उभे होते इंजिनबाबा. त्यांनी फुंकर मारली की दिवा विझायचा. लोक टाळ्या वाजवायचे, बाबा मान तुकवायचे आणि पुढच्या गाडीला बोटाने बोलवायचे.

रांगेत एक जुनी, चौकोनी मिनीव्हॅन होती. तिच्या स्टिअरिंगमागे अंग चोरून बसलेले गृहस्थ शाळेत रसायनशास्त्र शिकवत. ‘चमत्कारामागचं विज्ञान’ या विषयावर ते दरवर्षी एक व्याख्यानही देत, आणि व्याख्यानाला मुलं आली नाहीत तर चिडत. आज मात्र कोणी विद्यार्थी दिसू नये म्हणून त्यांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली होती.

त्यांचाही नाइलाज होता. मागे चाकांच्या खुर्चीत त्यांचे वडील बसले होते. अर्धांगाच्या झटक्याने आप्पांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं अडखळलं होतं. आठवड्यातून दोनदा त्यांना बोलण्याच्या उपचाराला न्यावं लागे, आणि खुर्चीसकट आप्पा मावतील अशी घरात ही एकच गाडी होती. मंगळवारी तिची धुराची तपासणी होती. दिवा पेटलेला असला तर गाडी नापास, आणि नापास गाडी रस्त्यावर आणायची नाही. आप्पांचे शब्द नुकते कुठे परत येऊ लागले होते.

मास्तरांनी आधी स्वतःची अक्कल चालवून पाहिली होती. इंटरनेटवर वाचून टाकीचं झाकण बदललं, प्लग बदलले, एक सेन्सरही बदलला. दिवा ढिम्म. शेवटी त्यांनी दिव्यावर चिकटपट्टी लावली. त्यावर रुग्णालयात परिचारिका असलेली त्यांची बायको म्हणाली, “छान! आता माझ्या पेशंटांचे थर्मामीटरही फोडून टाकते, म्हणजे ताप जाईल सगळ्यांचा.”

“सगळे खाली उतरा!” इंजिनबाबांनी हुकूम सोडला. बायकोही सोबत आली होती, ती उतरली; मास्तरांनी आप्पांची खुर्ची फळीवरून उतरवून ड्रायव्हरच्या उघड्या दाराशी लावली.

“गाडी म्हणजे जीव!” बाबांनी सुरुवात केली. “पेट्रोल तिचं रक्त, हवा तिचा श्वास, आणि तिची नाभी कुठे? स्टिअरिंगच्या खाली! नाभीला ही पिशवी लावली की दोष वर चढतो. मग तो उजव्या हाताने मी ओढतो आणि डाव्या हाताने जमिनीत सोडतो.”

“डावा हात तर खिशात आहे तुमचा,” मास्तरांची बायको म्हणाली.

“झाकलाच पाहिजे, ताई. नाहीतर दोष तुम्हाला लागेल.”

बायको आणखी काही बोलणार, तेवढ्यात मास्तरांनी तिला डोळ्यांनी दटावलं. रसायनशास्त्राचे मास्तर दोष लागू नये म्हणून दोन पावलं मागेही सरकले.

बाबांनी मखमली पिशवी स्टिअरिंगखाली नेऊन काहीतरी खटपट केली. “किल्ली फिरवा. इंजिन नको, नुसती किल्ली!” मग डोळे मिटून पुटपुटले, फुंकर मारली आणि ओरडले, “आता इंजिन!” मास्तरांनी इंजिन सुरू केलं. दिवा गायब!

त्याच वेळी आप्पा खुर्चीत हलले. डावा हात उचलून ते मोठ्या कष्टाने म्हणाले, “हि... हिरवा... हिरवा दिवा...”

मास्तरांचे डोळे भरून आले. “ऐकलंत?” ते गर्दीकडे वळून ओरडले. “माझ्या वडिलांना प्रकाश दिसला!”

गर्दीने टाळ्या वाजवल्या. आप्पांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली, पण तोही बाबांचाच प्रभाव धरला गेला.

मंगळवारी तपासणी केंद्रातल्या बाईंनी स्टिअरिंगखालच्या खोबणीत एक तार जोडली आणि संगणकाकडे बघून भुवया उंचावल्या. “गाडीची स्मृती कोणी पुसली?”

“पुसली? दोष काढलाय,” मास्तर अभिमानाने म्हणाले.

“दोष नाही, दोषाची नोंद काढली आहे. गाडीतला संगणक रोजच्या चालण्यात स्वतःच्या एकेक भागाची परीक्षा घेत असतो. नोंद पुसली की त्या परीक्षाही पुसल्या जातात. तुमची पाटी कोरी आहे, त्यामुळे मी पास करू शकत नाही. पंधरा दिवसांची मुदत देते. खरं दुखणं शोधा.”

परतताना मास्तरांनी पेट्रोल भरलं. गाडी नेहमीसारखी खोकत खोकत सुरू झाली आणि थोड्या अंतरावर नारिंगी दिवा पुन्हा पेटला. मास्तरांनी गाडी कडेला घेतली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. भोंगा वाजला, तसे दचकून सरळ झाले.

“हिरवा...” मागून आप्पा म्हणाले.

“हो आप्पा, दिसला होता तुम्हाला प्रकाश...”

“अहो, त्यांना बोलू द्या की!” बायको कडाडली. “उपचाराला कशाला नेतो आपण त्यांना? मध्ये बोलायला?”

मास्तर मागे वळून बसले. आप्पांनी श्वास घेतला. एकेक शब्द जड ओझ्यासारखा उचलून ठेवत त्यांनी वाक्य पुरं केलं. “पिशवीत... यंत्र. खाली... खोचलं. त्यावर... हिरवा दिवा.”

उभ्या माणसाला स्टिअरिंगखालचं दिसत नाही. खुर्चीतल्या माणसाच्या ते डोळ्यांसमोर असतं. सगळ्या पटांगणात एकट्या आप्पांनी खरी गोष्ट पाहिली होती, सांगायचा प्रयत्नही केला होता, आणि त्यांच्या विज्ञाननिष्ठ चिरंजीवांनी तिचा चमत्कार करून टाकला होता. मास्तरांना इतकी लाज वाटली की त्यांनी टोपी पुन्हा भुवयांपर्यंत ओढली.

सुट्या भागांच्या दुकानात तसलंच यंत्र सहज मिळालं, काडेपेटीएवढं. खोबणीत खोचलं की हिरवा दिवा लागे आणि गाडीची तक्रार मोबाइलवर दिसे. मोबाइलवर ‘पुसा’ असं एक बटणही होतं; बाबांचा डावा हात खिशात काय करत होता, ते आता कळलं. मास्तरांनी या खेपेस पुसायच्या आधी वाचलं. तक्रार पेट्रोलच्या वाफेबद्दल होती. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती साठवून इंजिनात जाळतात, आणि ती कधी सोडायची हे एक छोटी झडप ठरवते. इंजिन बंद असताना झडप मिटलेली हवी. मास्तरांनी ती काढली, स्वच्छ रबरी नळी लावून फुंकली. हवा आरपार! झडप उघडीच अडकली होती, म्हणून तर पेट्रोल भरल्यावर गाडी खोकत होती. नवी झडप बसवायला दोन नळ्या, एक विजेची जोडणी आणि एक बोल्ट, एवढंच काम होतं. बोल्ट त्यांनी दोनदा इंजिनात पाडला, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या रविवारी ती व्हॅन पुन्हा पटांगणात आली. रांगेत पहिली होती एक टॅक्सीवाली. मास्तरांनी तिच्या परवानगीने यंत्र खोचलं आणि मोबाइल आप्पांच्या मांडीवर ठेवला. आप्पांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि बटण दाबलं. टॅक्सीवालीने इंजिन सुरू केलं. दिवा गायब!

एकाने लगेच विचारलं, “आजोबा, माझी गाडी कधी बघाल?”

“यंत्राने दिवा विझतो!” इंजिनबाबा गरजले. “दोष मीच विझवतो!”

“मग आमचा दोष पेट्रोल भरल्यावर परत कसा आला?” बायकोने विचारलं.

“श्रद्धा कमी पडली तुमची.”

“श्रद्धा भरपूर होती हो,” मास्तर म्हणाले. “बुद्धी कमी पडली! मी तुमच्यासाठी टाळ्या मिळवल्या, त्याही बापाचं बोलणं तोडून.” त्यांनी खिशातून जुनी झडप काढून फुंकली, हवा सुळकन पलीकडे गेली. मग दुकानातून दाखवण्यापुरती मागून आणलेली आणखी एक नवी झडप फुंकली. गाल फुगले, कान लाल झाले, हवा काही जाईना. लोक हसले, मास्तरही हसले. “फुंकर मी पण मारतो, पण काय तपासायचं ते ठरवून. तुम्ही काय तपासता, बाबा? जरा पिशवी उघडून दाखवा.”

पिशवी उघडली नाही. इंजिनबाबा ती कोटात कोंबून आपल्या गाडीकडे वळले. टॅक्सीवालीने सहज आत डोकावून पाहिलं आणि ती मोठ्याने हसली. “अहो, यांच्या डॅशबोर्डवर तर चिकटपट्टी लावलीय!”

मुदत संपायच्या आत मिनीव्हॅन पास झाली. पुढल्या व्याख्यानाला मास्तरांनी आप्पांना शाळेत नेलं आणि स्वतः मागच्या बाकावर बसले. “मुलांनो, चमत्कार दिसला की काय विचारायचं, हे आज आप्पा सांगतील,” एवढंच ते म्हणाले.

आप्पांनी श्वास घेतला. वर्ग वाट बघत राहिला, मास्तरही.

“दिवा... विझला,” आप्पा म्हणाले. “पण... दुखणं... गेलं का? हे... विचारा. आणि... उत्तर... पुरं... ऐका.”