ग्लिसरीन न लागणारी बाई

"कट! मावशी, परत डोळ्यांत पाणी!" मी ट्रंकेवर उभी राहून ओरडले.

शेवंतीमावशीने पदर डोळ्यांना लावला. "मी खंय रडतंय गो? आपोआपच येता."

आमच्या अंधेरीच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहणारी शेवंतीमावशी अठरा वर्षं सिनेमात रडत होती. पांढरं लुगडं, कोरं कपाळ, तिरडीमागची दुसरी नाहीतर तिसरी बाई. "हिला ग्लिसरीन लागत नाही," म्हणून तर कामं मिळायची. आता मात्र टीव्हीच्या नव्या मालिकेत तिला चष्मा, रंगीत साडी आणि चक्क वाक्य मिळालं होतं! साडी घरूनच न्यायची होती, म्हणून आईने आपली निळी दिली. भूमिका रिटायर झालेल्या नर्सची. मुलगा न्यायला येतो, तर ती हसून म्हणते, "मी एकटी आहे आणि मजेत आहे. तू जा, बाळा."

म्हातारी बाई आणि रडत नाही! मला तर हे झकासच वाटलं. वक्तृत्वाचा कप मिळाल्यापासून मी तशीही सगळ्यांना शिकवत सुटले होते.

"समोर मुलगा उभा आहे असं समज ना."

"तोच तर घोटाळो. दशरथ दिसता."

दशरथ तिचा मुलगा. लग्नानंतर कांजूरमार्गला राहायला गेला, त्याला चार गणपती झाले. एकाही गणपतीला आला नाही.

"मग विसर त्याला दोन मिनिटं!" मी फर्मावलं.

शूटिंगहून ती दुपारीच परतली. आईने विचारलं, तर "बरां झालां" एवढंच.

मालिका लागली त्या संध्याकाळी अख्खी चाळ आमच्या घरात. तो प्रसंग आला. चष्मा तोच, निळी साडी तीच, आत बाई दुसरीच. वाक्य म्हणाली, छान हसून म्हणाली. पडद्यावर तिच्या मागे दारात पांढऱ्या लुगड्यातली शेजारीण डोळे पुसत होती. ती आमची मावशी.

"अगं, माझी साडी!" आई म्हणाली.

"शेवंते, पण रडलीस काय गं!" समोरची शकु म्हणाली. सगळे हसले. मावशीसुद्धा.

सगळे गेल्यावर मी तिच्या मागोमाग तिच्या दारापर्यंत गेले. "मावशी, आज आमच्याकडे जेव ना. एकटी काय करशील?"

ती वळली. हसली.

"मी एकटी आहे आणि मजेत आहे. तू जा, बाळा."

एक शब्द चुकला नाही. डोळे कोरडे. मग आतून कडी लागली.