एकतिसावा ओंडका

दादाने चार महिन्यांपूर्वी एका राखीव जंगलाची दोन तिकिटं काढून ठेवली होती. त्या जंगलात दिवसाला चाळीसच माणसं सोडतात, त्यामुळे तिकीट मिळणं म्हणजे मोठं दिव्य. ती आली तेव्हा मी त्याची टर उडवली होती. सव्वीस वर्षं करवत चालवणारा माणूस सुट्टीच्या दिवशी झाडं बघायला जाणार, म्हणजे खाटकाने गोठा बघायला जाण्यातला प्रकार. दादा म्हणाला, "अरे, कुणाच्या बापाला चिरता येणार नाही असं एक तरी झाड बघू दे की मला."

एक तिकीट त्याचं, एक वहिनीचं. दादा गेला त्याला पाच आठवडे झाले. गुरुवारी वहिनी माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "भावजी, रविवारी तुम्ही चला. तिकीट वाया घालवायचं नाही मला."

मी हो म्हटलं. त्या दिवसांत कुणी काहीही विचारलं तरी मी हो म्हणत होतो. जेवलास का, हो. झोप लागते का, हो. दोन्ही खरंच होतं. दगडासारखा झोपत होतो, पुढ्यात येईल ते खात होतो, आणि चव मात्र कशाचीच लागत नव्हती. नातेवाईक म्हणायचे, धीराचा आहे हो धाकटा. धीर कसला डोंबलाचा? आत काही हलतच नव्हतं.

आम्ही दोघं भाऊ एकाच लाकडाच्या वखारीत. माझं काम मोजणीचं. ओंडका आला की घेर मोजायचा, दोन्ही टोकं बघायची आणि लोखंड शोधायचं यंत्र त्याच्यावरून फिरवायचं. कधीकाळी कुणी झाडात खिळा ठोकलेला असतो, कुंपणाची तार अडकवलेली असते. झाड वाढत जातं आणि ते लोखंड गिळून बसतं. वरून बघाल तर ताकास तूर लागू देत नाही. सगळं ठीक असलं की मी खडूने बरोबरची खूण करतो. ती खूण असल्याशिवाय दादा ओंडका करवतीवर चढवत नसे.

त्या दिवशी ट्रक उशिरा आला. एकतीस ओंडके होते. बावीस झाले आणि यंत्रातले सेल संपले. नवे सेल कचेरीत, आणि कचेरी वखारीच्या दुसऱ्या टोकाला. माझे पाय दुखत होते, कंटाळा आला होता. उरलेल्या नऊंवर मी चालता चालता खुणा करून टाकल्या. एवढंच. याहून काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकतिसावा ओंडका करवतीवर गेला, पातं तुटलं, आणि त्याचा तुकडा दादाच्या मानेत घुसला. सगळे दादाभोवती धावले. मीही धावलो. पण त्याला गाडीत घालून नेल्यावर मी परत येऊन ओंडका बघितला. आत बोटाएवढा जाड खिळा होता, अर्धा कापलेला, चकचकीत. तेवढा लाकडाचा भाग मी तोडून भट्टीत टाकला. दुसऱ्या दिवशी राखेतून खिळा काढला. तो माझ्या कपाटात शर्टांच्या खाली आहे.

मालक म्हणाला, पात्याचा सांधा, म्हणजे दोन टोकं जोडतात ती जागा, कच्चा होता. झालं, सगळे तेच म्हणायला लागले. सांधा लावायचं आणि पात्यांना धार करायचं काम धारवाल्या काकांचं. चाळीस वर्षं ते हेच करत आलेत. त्या दिवसापासून त्यांना फाटकाच्या आत घेतलेलं नाही. सोमवारी चौकशीचे साहेब येणार होते आणि त्यांच्यासमोर वहिनी जबाबावर सही करणार होती, की काकांच्या निष्काळजीपणामुळे तिचा नवरा गेला. त्या जबाबात एक वाक्य माझ्याबद्दलही होतं. तिनेच आग्रहाने घालायला लावलेलं: माझे दीर ओंडका बघितल्याशिवाय खूण करत नाहीत.

म्हणजे कबूल करायचं असेल तर माझ्या हातात फक्त रविवार होता. हे मला कळत होतं. वाटत मात्र काही नव्हतं.

बसने तीन तास लागले. वहिनीने डबा आणला होता, पाण्याची बाटली, दादाची गळ्यात अडकवायची दुर्बीण. ती वाटेत फारसं बोलली नाही. एकदा म्हणाली, "भावजी, खिडकी लावा, तुम्हाला वारा बाधतो." मी लावली. ज्या बाईला मी विधवा केलं, ती माझ्या सर्दीची काळजी करत होती. हे मी मनातल्या मनात शब्दाला शब्द जुळवून म्हणून बघितलं, आणि मग बाहेरचे खांब मोजत बसलो.

फाटकाशी वनरक्षक बाई उभ्या होत्या. ठेंगण्या, डोक्यावर टोपी, आवाज शाळेतल्या बाईंचा. फळ्यांच्या वाटेवरून खाली उतरायचं नाही, काही उचलायचं नाही, काही टाकायचं नाही. आमच्या गटात एक म्हातारं जोडपं होतं, तीन बहिणी होत्या आणि एक दाताचे डॉक्टर, ते प्रत्येक ठिकाणी "अबब" म्हणायचे. पहिल्या मोठ्या झाडाशी सगळ्यांच्या माना मागे गेल्या. एका बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. झाडाचा शेंडा दिसतच नव्हता, खोड नुसतं वर वर जात धुक्यात शिरलं होतं.

मी हिशेब केला. घेर पस्तीस फूट. पहिल्या फांदीपर्यंत सरळ खोड शंभर फूट तरी. ट्रक किती लागतील, तेही काढलं. मग दुसरं झाड, दुसरा हिशेब. बाई सांगत होत्या की हे झाड उगवलं तेव्हा इथे रस्ता नव्हता, गाव नव्हतं, काहीच नव्हतं. चांगलं सांगत होत्या. माझ्याकडे बघून तर फारच मायेने सांगत होत्या, कारण मी एकटाच गप्प उभा राहून ऐकत होतो. कसायाला गाय धार्जिणी म्हणतात ती अशी.

"तुम्हाला लाकडातलं कळतं वाटतं," त्या म्हणाल्या.

"थोडंफार," मी म्हटलं.

"यांना सगळं कळतं," वहिनी म्हणाली. "नजर आहे यांना. माझे मिस्टर म्हणायचे, याने खूण केली की मी डोळे मिटून ओंडका चढवतो."

पुढे एक झाड वाटेला अगदी खेटून होतं. त्याला तिथे म्हातारी म्हणतात. सगळ्या जंगलात फक्त म्हातारीला हात लावायची परवानगी. लोकांनी हात लावले, फोटो काढले आणि ते पुढे गेले. वहिनी मागे थांबली म्हणून मीही थांबलो.

तिने दोन्ही तळवे सालीवर टेकले. साल तांबूस, मऊ, तंतू सुटलेली. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "यांना इथे आणायला हवं होतं हो. किती खूश झाले असते." तिने नाक पुसलं. "उद्या एकदा ती सही केली की मी सुटले, भावजी. त्या म्हाताऱ्याचं नाव कागदावर आलं की मला झोप लागेल. तुम्हाला वाटत असेल, किती दुष्ट झाली ही."

"नाही," मी म्हटलं.

"मग काय वाटतं तुम्हाला? तुम्ही काही बोलतच नाही."

मी तिच्याकडे बघत होतो. काय बोलायचं ते शोधत होतो. ती मात्र माझ्या तोंडाकडे बघायची थांबली होती. तिची नजर माझ्या उजव्या हातावर होती. मीही तिकडे बघितलं. हातात खडू होता. रोजचाच कोट घातला होता, खिशात खडू असतोच. आणि म्हातारीच्या सालीवर, छातीच्या उंचीवर, बरोबरची पांढरी खूण होती.

"हे काय केलंत?"

"सवय," मी म्हटलं.

"तुम्ही झाडाकडे बघतसुद्धा नव्हता."

मी खडू खिशात टाकला.

"भावजी, तुम्ही माझ्याकडे बघत होता. माझं ऐकत होता. आणि हात आपला आपण..." ती थांबली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मी तो बदलताना बघत राहिलो, टाळता आलं असतं तरी टाळलं नाही.

तेवढ्यात वनरक्षक बाई परत आल्या, आणि मग काय, नुसता भडका. एवढी शिकलेली-सवरलेली माणसं, पाटी वाचता येत नाही का, हजार वर्षांच्या झाडावर गिरगोट्या कसल्या काढता! त्यांनी बादली आणि मऊ ब्रश आणून माझ्यासमोर आदळला. स्वतः केलंय, स्वतः निस्तरा. मी वाकून ब्रश ओला केला आणि घासायला लागलो. पाणी गार होतं. बाई गटाकडे गेल्या.

वहिनी माझ्या मागे उभी होती.

"त्या दिवशी बघितलं नव्हतं तुम्ही," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"नाही. शेवटचे नऊ नाही बघितले."

"आणि आत?"

"खिळा होता. माझ्याकडे आहे. सांधा नाही तुटला, वहिनी. पातं खिळ्यावर तुटलं."

मी घासत राहिलो. खडू तंतूंमध्ये शिरला होता, लवकर निघत नव्हता.

"यांनी विचारलं नाही तुम्हाला? चढवायच्या आधी?"

हा प्रश्न ती विचारील असं मला कधी वाटलं नव्हतं. पाच आठवडे मी स्वतःलाही तो विचारू दिला नव्हता.

"विचारलं," मी म्हटलं. "दादा म्हणाला, हा बघितलास ना रे? टोकाला काळपट वाटतंय."

"मग?"

"मी म्हटलं, खूण दिसत नाही का? का डोळे गेलेत?"

ती खाली बसली, तिथेच फळ्यांवर. मारेल असं वाटलं, मारलं असतं तर मी हललो नसतो. ती रडलीही नाही. म्हणाली, "काका आले होते आपल्याकडे. तेव्हा तुम्ही वर होता. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. पायरीवर तासभर बसून होते ते."

मला माहीत होतं. खिडकीतून मी त्यांची टोपी बघितली होती.

परतीच्या बसमध्ये ती पुढच्या सीटवर बसली, मी मागे. डबा तसाच राहिला. आमचा थांबा आला तेव्हा ती उठली नाही, म्हणून मीही नाही उठलो. दोन थांबे पुढे ती उतरली आणि मागे न बघता चालायला लागली. मी मागून. उजेड अजून होता. गल्लीच्या टोकाला काकांचं घर, बाहेर धार करायचं जुनं चाक पडलेलं. वहिनीने बेल वाजवली आणि बाजूला सरकली. दारासमोर मी राहिलो.

दार काकांनीच उघडलं. पाच आठवड्यांत माणूस निम्मा झाला होता. त्यांना मी दिसलोच नाही, त्यांना फक्त ती दिसली.

"पोरी, आलीस," ते म्हणाले. "बरं केलंस. कर तू सही, माझं काही म्हणणं नाही. मी रोज आठवून बघतो. त्या दिवशी माझा हात थरथरला असणार. वय झालं, कळत नाही आपल्याला. माझ्याच हाताने गेला तो."

वहिनीने ओठ घट्ट मिटले होते. "भावजी," ती म्हणाली, "सांगा."

मी सांगितलं. सेल संपले तिथपासून सांगितलं, दादा काय म्हणाला आणि मी काय म्हटलं तेही, भट्टीचं, कपाटाचं. माझा आवाज सपाट येत होता, मोजणीचे आकडे वाचून दाखवावेत तसा. सोमवारी हेच साहेबांना सांगेन, असंही म्हटलं. काका दाराची चौकट धरून ऐकत होते. शिव्या देतील म्हणून मी थांबलो.

"म्हणजे सांधा?" त्यांनी विचारलं.

"सांधा शाबूत होता, काका. मी बघितला. जोडल्या जागी काहीच झालं नव्हतं."

ते उंबऱ्यावरच बसले. तोंड हातांत घेतलं, पाठ हलायला लागली. मग त्यांनी मान वळवली आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडले, "अगं, इकडे ये! ऐकलंस का? माझा सांधा चांगला होता!"